ठिगळाला नावं ठेवण्याआधी

ठाण्यात, कल्याणात किंवा डोंबिवलीत एखादी जुनी मॅटाडोर सोसायटीच्या भिंतीला लागून उभी असली की तिच्यावर निकाल द्यायला कोणाला पदवी लागत नाही. वॉचमन, शेजारी, मेहुणा, भंगारवाला, सगळ्यांचं एकमत असतं: "सडलीये. घालून टाका भंगारात." मालक थोडा हळवा असेल आणि गाडी वडिलांच्या वेळची असेल, तर दुसरा सल्ला तयार असतो: "लांबी भरा, वरून रंग मारा, पाच वर्षं बघायला नको." एकाला गाडीची तिरडी बांधायची आहे, दुसऱ्याला तिला पावडर लावून बोहल्यावर चढवायचं आहे. पण दोघांच्या डोक्यात समजूत एकच असते, की गंज म्हणजे म्हातारपण. ते सगळ्या अंगात भिनतं आणि त्याला औषध नाही.

ही समजूत खोटी आहे. गंज जागा धरून बसतो. तो शोधता येतो, मोजता येतो, कापून काढता येतो आणि कापलेल्या जागी नवा पत्रा वेल्ड करता येतो. जगभरच्या जुन्या व्हॅन याच रीतीने रस्त्यावर राहिल्या आहेत. आपल्या हवेत, आपल्या गॅरेजांत, आपल्या कायद्यात ते बसत नाही, असं सांगणाऱ्यांचे मुद्दे एकदा नीट तपासून पाहायला हवेत.

उदाहरण मॅटाडोरचं घेतलं, कारण आपल्याकडच्या जुन्या व्हॅनमध्ये पहिला मान तिचा. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीशी करार करून न. के. फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी केली. आधी तीन चाकांची हॅन्सियाट आली, १९६९ मध्ये मॅटाडोर. पुढे तिच्यात डाइम्लर-बेंझच्या परवान्यावर इथेच बनलेलं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन बसलं. कंपनीचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स आहे, पण मराठी माणूस आजही छोट्या मालवाहू गाडीला, मग ती कोणाचीही असो, टेम्पोच म्हणतो. शाळेची मुलं, लग्नाची वऱ्हाडं, गणपतीच्या मूर्ती, केटररची पातेली, काय काय या गाडीने वाहिलं. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे ती ओम्नी झाली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. हिंदी सिनेमातल्या अपहरणकर्त्यांनी तिची जेवढी जाहिरात केली तेवढी खुद्द कंपनीने केली नसेल. या दोन्ही गाड्यांचं दुखणं सारखं आहे. इंजिन साध्या मेस्त्रीच्या हाताखाली पुन्हा उभं राहतं, पत्रा आधी जातो.

आणि पत्रा गेला की दोष हवेवर. कोकणपट्टीची हवा, खाडीचा खारा वारा, चार महिने धो धो पाऊस. इथे लोखंड टिकणार कसं, असं विचारलं जातं. प्रश्न वावगा नाही. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंबिवलीला तर वर एमआयडीसीचा आहेर आहे. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीकरांनी हिरवा पाऊस पाहिला, फेब्रुवारी २०२० मध्ये तिथला रस्ता गुलाबी झाला. हवेतला सल्फर डायऑक्साइड आणि मीठ लोखंडाला खातात, यात वाद नाही. वाद वेगाबद्दल आहे.

तो वेग मोजलेला आहे. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात हवेचे वर्ग पाडले आहेत. कारखाने किंवा किनारा जवळ असलेल्या, बऱ्यापैकी त्रासदायक हवेचा वर्ग सी-४. अशा हवेत साधं पोलाद उघडं ठेवलं तर पहिल्या वर्षी ५० ते ८० मायक्रॉन झिजतं. व्हॅनचा वीस गेजचा पत्रा साधारण ०.९ मिलिमीटर, म्हणजे ९०० मायक्रॉन जाड असतो. रंगाचा एक थेंबही न लावता तो दोन्ही बाजूंनी उघडा टाकला, आणि पहिल्या वर्षाचा कमाल वेग कायम राहिला असं धरलं (प्रत्यक्षात तो पुढे मंदावतो), तरी आरपार व्हायला साडेपाच वर्षं लागतील. मग रंगवलेल्या, रोज वापरातल्या गाडीचा फ्लोअर तीन-चार पावसाळ्यांत चाळणीसारखा कसा होतो? आणि त्याच गाडीचं छप्पर, ज्याच्यावर सगळा पाऊस थेट कोसळतो, ते धडधाकट कसं राहतं?

हवा गुन्हेगार असती तर छप्पर आधी गेलं असतं.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची साक्षही काढता येईल. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाली. वीस वर्षं, समुद्राच्या अंगणात, रोज रस्त्यावर. तिला थांबवलं ते नियमाने. या पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियरचा एक कारखाना डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर होता. १९९०च्या दशकात फ्रान्सची प्यूजो ३०९ तिथेच तयार होत असे. आज राजकीय सभांच्या बातम्यांत 'प्रीमियर मैदान' वाचणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की इथे एकेकाळी मोटारी बनायच्या? ज्या गावाने मोटारी बनवल्या त्या गावाने पत्र्यापुढे हात टेकावेत, ही गंमतच.

मग छप्पर वाचतं आणि फ्लोअर जातो, हे का? याचं उत्तर केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खाऱ्या पाण्याच्या एका थेंबावरून दाखवलं. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर थेंब ठेवला, की त्याच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मधोमध पोचत नाही. थेंबाखाली एक इवलीशी बॅटरी तयार होते आणि लोखंड विरघळू लागतं ते मधोमध, जिथे ऑक्सिजन कमी तिथे. सामान्य माणसाचा अंदाज नेमका उलटा असतो. त्याला वाटतं, झाकलेली जागा सुरक्षित आणि उघडी जागा धोक्यात. गंजाला झाकलेली, ओली, हवा न लागणारी जागाच मानवते.

हे एकदा कळलं की मॅटाडोरचा नकाशा आपोआप उलगडतो. रबर मॅटखालचा फ्लोअर, कारण मॅटखालचा फोम पावसाळ्यात प्यायलेलं पाणी दिवाळीपर्यंत सोडत नाही. चाकाच्या कमानीच्या आतली दुमडलेली कड, जिथे चिखल साचून बसतो. दाराखालच्या पोकळ पट्ट्या, ज्यांना गॅरेजात सिल म्हणतात. त्यांच्या तळाला पाणी जाण्यासाठी कंपनीने ठेवलेली भोकं चिखलाने किंवा कोणीतरी भक्तिभावाने मारलेल्या डांबरी कोटिंगने बुजलेली असतात. पुढच्या काचेच्या रबराखालची खाच. छपराची पन्हळ. बॅटरीचा ट्रे, पण तिथे खाडीचा काय दोष, तिथे अ‍ॅसिड सांडलेलं असतं. गाडीचा उरलेला मोठा भाग, दारांचे वरचे अर्धे, छप्पर, बाजूंचे सपाट पत्रे, बहुतेक वेळा वाजवला की खणखणीत आवाज देतो. सडलेला भाग दोन-चार हातांचा असतो आणि शिक्षा अख्ख्या गाडीला होते.

लांबीवाल्यांचा समाचार आता घ्यायला हवा, कारण भंगारवाल्यापेक्षा ते जास्त नुकसान करतात. भंगारवाला निदान जे करतो ते उघड करतो.

लांबी ही चीज वाईट नाही. वेल्डिंगनंतर, घासल्यानंतर पत्र्यावर राहिलेली बारीक उंचसखल जागा सारखी करायला ती हवीच; तिच्यासाठीच ती बनली. पण पॉलिएस्टरच्या या पुट्टीत शंखजिऱ्याची पूड असते आणि ती पाणी ओढते. गंजलेल्या, भोकं पडलेल्या पत्र्यावर बोटभर जाड लांबी चढवली, की पत्र्याच्या आतल्या बाजूने, जिथे रंग नाही आणि कोणाची नजरही नाही, तिथून ओल येत राहते. वर इव्हान्सचा थेंब तयारच असतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो, त्यामुळे तो वरची लांबी आतून उचलतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर चकचकीत रंगावर पुरळ उठतं, तेव्हा मालक म्हणतो, "बघा, आपल्या हवेत काही टिकत नाही." हवेची बदनामी अशी होते.

हाच न्याय एम-सीलच्या गोळ्यांना, फायबरच्या जाळीला आणि पॉप रिव्हेट मारून पत्र्यावर चढवलेल्या पत्र्याला. शेवटचा प्रकार तर सर्वांत घातक, कारण तो मजबूत दिसतो. दोन पत्र्यांच्या मध्ये कागदाच्या जाडीची फट राहते आणि त्या फटीत पाणी केशाकर्षणाने चढतं. खालचा सडका पत्रा कापायचा कंटाळा केला, म्हणजे नव्या पत्र्याला रोग्याच्या अंथरुणात झोपवलं.

रासायनिक उपायांचे भक्तही असतात. गंज 'काळा करून मारणारी' औषधं बाजारात मिळतात आणि त्यांतली काही खरोखर काम करतात. त्यांत टॅनिक आम्ल असतं. ते गंजाशी मिळून निळसर काळा, घट्ट थर बनवतं. जुन्या जमान्यात हिरडा आणि हिराकस उकळून बोरूसाठी काळी शाई करत, तिथेही हेच घडायचं. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांतला आदिवासी ज्या हिरड्याची पोती विकतो, त्याच्यात हेच टॅनिन. पण शाई कागदावर चढते, कागदाला पडलेल्या भोकावर नाही. पृष्ठभागावरच्या कोवळ्या गंजाला हे औषध लागू पडतं. स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार जातो, तिथे औषध लावायला पत्राच उरलेला नसतो.

म्हणून कापणं. आणि कापण्याचं नाव काढलं की पुढचा आक्षेप येतो, थोड्या जास्त जाणकार मंडळींकडून: वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा कमजोर होतो, वाकतो, आणि कंपनीही वेल्डिंगला नाही म्हणते. यातला शेवटचा भाग खरा आहे, फक्त तो दुसऱ्याच गाड्यांबद्दल आहे. आजच्या मोटारींच्या खांबांत आणि सिलमध्ये बोरॉनयुक्त अतिकठीण पोलाद वापरतात, त्याची ताणशक्ती १,५०० मेगापास्कलच्या घरात असते आणि ती खास उष्ण प्रक्रियेने आणलेली असते. तिथे आच लावली तर ती शक्ती जाते, म्हणून कंपन्यांची मनाई. मॅटाडोरच्या काळातला पत्रा साधं मऊ पोलाद आहे, साधारण ३०० मेगापास्कलच्या आसपासचं. त्यावर सीओटू वेल्डिंगला जी ईआर ७० एस-६ तार वापरतात, तिच्या नावातला ७० हा आकडाच किमान ताणशक्ती सांगतो: चौरस इंचाला ७०,००० पौंड, म्हणजे सुमारे ४८० मेगापास्कल. सांधा नीट वितळून बसला असेल, तर ओढून तोडताना आधी पत्रा फाटेल. नव्या गाडीच्या पुस्तकातली सूचना जुन्या गाडीला लावणं म्हणजे नातवाचं औषध आजोबांना पाजणं.

वाकण्याची तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचं कारण बहुतेक वेळा घाईत सापडतं. दाराच्या ग्रिलला वापरतात तो जाड रॉड आणि आर्क मशीन घेऊन कोणी एक मिलिमीटरच्या पत्र्यावर बसला, तर भोक बुजण्याऐवजी मोठं होतं. ऑक्सिॲसिटिलीनची ज्योत तीन हजार अंश सेल्सिअसच्या वर असते. तिने सलग ओळ ओढली तर सपाट पत्र्याची पुरी फुगते. चांगला डेंटर काय करतो ते बघावं. तो सडका भाग कापत कापत चकचकीत, पूर्ण जाडीच्या पत्र्यापर्यंत मागे येतो. इथे कंजूषी केली की सांधा कागदावर मारल्यासारखा जळतो. मग पुठ्ठ्याचा साचा काढतो, त्यावरून त्याच गेजचा पत्रा कापतो, हातोडी-डॉलीने वळण देतो आणि भोकात कडेला कड लावून बसवतो, वर चढवत नाही. मध्ये तारेच्या जाडीइतकी फट. ०.८ मिलिमीटरची तार, कमी करंट, आणि गॅस शक्यतो आर्गन-सीओटूचं मिश्रण, कारण निव्वळ सीओटूत ठिणग्या आणि आच दोन्ही जास्त. मग टाके. शिंप्याने कच्चे टाके घालावेत तसे चार कोपऱ्यांत चार, नंतर समोरासमोर, इंच-दीड इंच सोडून, प्रत्येक टाका हात लावता येईल इतका निवू देऊन. घाईने टाक्याशेजारी टाका मारला की तो फुगवटा पुढे लांबीखाली लपवावा लागतो. वीतभर सांध्याला अर्धा तास लागतो तो यामुळे. मालकाला वाटतं, कारागीर टंगळमंगळ करतोय.

कामाच्या सुरुवातीला बॅटरी सोडणं, डिझेलची टाकी आणि पाइप दूर करणं, सीटचा फोम बाहेर काढणं, हे सगळं अर्थातच. एक सावधगिरी मात्र आपल्याकडे सर्रास डावलली जाते. 'पुन्हा गंजायला नको' म्हणून काही गॅरेजांत छपरासाठी येणारा जीआय पत्रा ठिगळाला वापरतात. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद वितळायला दीड हजाराच्या आसपास लागतात, म्हणजे सांधा धरण्याआधीच जस्ताचा पांढरा धूर कारागिराच्या नाकात गेलेला असतो. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, सकाळी उतरतो, आणि पोरगा म्हणतो, हवा बदलली. जस्ताचा पत्रा वापरायचाच तर कडेचा थर घासून काढून, उघड्या हवेत, मास्क लावून.

वेल्डिंग संपलं की अर्धं काम झालं. सांध्याची पाठ, म्हणजे आतली बाजू, हा खरा निकष. तिथे इपॉक्सी प्रायमर पोचला नाही, सांध्यावर सीलर बसला नाही आणि पोकळ पट्टीत लांब नळीने मेण फवारलं नाही, तर सहा टाके मारले काय आणि साठ मारले काय. लाल रेड ऑक्साइडवर लोकांचा भाबडा विश्वास आहे. त्याच्यातला रंग हा मुळात लोखंडाचाच ऑक्साइड, आणि रंग म्हणून तो ठीक आहे. आतल्या बाजूचा एकमेव रक्षक म्हणून तो अपुरा. पितळी भांड्यांना दरवर्षी कल्हई लावून घेणाऱ्या घरांत हे समजायला अवघड जायला नको होतं. भांडं तेच राहायचं, कल्हई झिजायची, कल्हईवाला पुन्हा यायचा.

कापून जोडणं ही जणू काही हौशी लोकांची चैन आहे, असा सूरही ऐकू येतो. ठाण्या-कल्याणहून रोज लोकलने जाणाऱ्यांनी माटुंग्याला खिडकीतून बाहेर पाहावं. मध्य रेल्वेच्या तिथल्या कारखान्यात डबे ठरावीक मुदतीने दुरुस्तीला येतात, आणि जुन्या निळ्या आयसीएफ डब्यांत रेल्वेचं कायमचं दुखणं म्हणजे शौचालयाखालचा आणि दाराजवळचा सडलेला तळ. पाणी जिथे साचतं तिथेच गंज. मॅटाडोरच्या मॅटखालचीच गोष्ट, फक्त २१ मीटर लांब. रेल्वे तो पत्रा कापते आणि नवा वेल्ड करते. एसटीने तर दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या आपल्या कार्यशाळांत जुन्या चासीवर अख्खी नवी पोलादी बॉडी चढवून गाड्या पुन्हा रस्त्यावर आणल्या. त्या गाडीत बसताना 'ठिगळाची गाडी' म्हणून कोणी उतरत नाही.

कल्याणकरांचा यावर एक हुकमी पत्ता असतो: पत्रीपूल. नावातच पत्रा असलेला, शंभरी ओलांडलेला तो पूल शेवटी नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडावाच लागला ना? लागला. अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग ३ जुलै २०१८ रोजी कोसळल्यानंतर जुन्या पुलांची तपासणी झाली आणि पत्रीपूल धोक्याचा ठरला. नवा खुला व्हायला जानेवारी २०२१ उजाडला, आणि मधल्या काळातली कोंडी कल्याण-डोंबिवलीकर विसरलेले नाहीत. पण या उदाहरणातून निघतं काय? रेल्वेमार्गावरून रोज हजारो वाहनं पेलणाऱ्या गर्डरचा निकाल तपासून लावला गेला. मॅटाडोरच्या बाबतीत कोणी खाली वाकून बघतसुद्धा नाही. तपासणी झाली आणि चासीचे मुख्य गर्डर, स्प्रिंगचे आधार, स्टीअरिंगचा पाया सडलेला निघाला, तर ती गाडी जरूर भंगारात जावी. हाडंच गेली तर कातडी शिवून उपयोग नाही. चासी नंबर कोरलेला भागच खाल्ला गेला असेल तर जास्तच कठीण, कारण तो तुकडा कापून जोडणाऱ्यावर आरटीओ शंका घेणारच, आणि ती घ्यायलाही हवी. अशा गाड्या आहेत. त्यांच्या नावाने बाकीच्यांचा बळी का?

कायद्याचा बागुलबुवा या वादात नेहमी शेवटी बाहेर काढला जातो. '१५ वर्षं झाली की गाडी स्क्रॅप' हे वाक्य २०२१ च्या स्क्रॅपिंग धोरणानंतर घराघरांत पोचलं, आणि ते दिल्लीचं आहे. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची बंदी राजधानी परिसरासाठी हरित लवाद आणि न्यायालयाच्या आदेशांतून आली. सरकारी गाड्यांना १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांची मर्यादा लागली. ठाण्याच्या एमएच-०४ किंवा कल्याणच्या एमएच-०५ मधल्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, ती तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवता येते. गाडी पास व्हायला हवी, एवढीच अट. आणि सडलेल्या फ्लोअरची गाडी पास होऊ नये, याबद्दल वेल्डिंगच्या बाजूने बोलणाऱ्यांचं काहीही म्हणणं नाही.

पन्नाशी गाठलेल्या खासगी गाड्यांसाठी तर जुलै २०२१ मध्ये वेगळा नियम झाला. २०,००० रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, वापर प्रदर्शन, रॅली आणि देखभालीपुरता. त्यात अट आहे की गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नको. या अटीचा आधार घेऊन काही शुद्धतावादी म्हणतात, बघा, वेल्डिंग केलं की गाडी 'ओरिजिनल' राहिली नाही. बदल आणि दुरुस्ती यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागू नये. जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे मोटारींच्या कितीतरी आधीपासून आहे. कुजलेला सागवानी खांब काढून तसाच खांब बसवला म्हणून वाड्याचं नाव बदलत नाही. व्हॅनच्या मागे नवी खिडकी कापली, छप्पर उंच केलं, तर तो बदल. सडलेली सिल काढून त्याच आकाराची, त्याच गेजची, त्याच जागी पाणी जायची भोकं ठेवलेली सिल बसवली, तर मूळ रूप परत आलं. उलट पाच किलो लांबीने घडवलेल्या गाडीत मूळ असं काय उरतं, हे शुद्धतावाद्यांनी सांगावं.

ब्रिटनमध्ये जुन्या फोक्सवॅगन व्हॅनचा छंद मोठा, आणि तिथल्या वार्षिक एमओटी तपासणीचा नियम या वादात ऐकण्यासारखा आहे. सीट बेल्ट, सस्पेन्शन अशा महत्त्वाच्या जागांपासून ३० सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा पत्रा गंजून कमजोर झाला असेल तर गाडी नापास. तिथे लांबी किंवा फायबर भरून आणलेली गाडीही नापास. कडेपासून कडेपर्यंत सलग वेल्ड केलेलं ठिगळ असेल तर पास. ज्या देशात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाड्या आपल्यापेक्षा वेगाने गंजतात, तिथे नियमानेच ठिगळाला मान आणि लांबीला मनाई आहे.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि तो खोटा नाही. नीट वेल्डिंग महाग पडतं. पत्रा स्वस्त असतो. एक मिलिमीटरचा चौरस फूटभर पत्रा पाऊण किलोसुद्धा भरत नाही. पैसे जातात ते हाताला आणि वेळेला. आणि तो हात आता दुर्मिळ होतोय, कारण कंपनीच्या वर्कशॉपांत दार चेपलं की दार बदलतात, विम्याचं बिल फाडतात. पत्रा घडवायला कोणी शिकत नाही. अंबरनाथच्या किंवा वागळे इस्टेटच्या आयटीआयमधून बाहेर पडणारा वेल्डर फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जाडजूड अँगल जोडायला जातो, कारण तिथे रोजचा पगार आहे. एक मिलिमीटरच्या पत्र्यावर हात बसवायला जी वर्षं लागतात त्यांचे पैसे द्यायला गाडीवाला तयार नसतो. शेजारच्या लांबीवाल्याचा दर सांगून तो घासाघीस करतो, कारागीर मग लांबीच भरतो, आणि दोन पावसाळ्यांनी दोघे मिळून खाडीला शिव्या घालतात. ज्याला खर्च परवडत नाही त्याने फक्त फ्लोअर आणि सिल करून घ्यावं, बाहेरच्या रंगाला हात लावू नये. तीन रंगांची, पण सांध्यांची पाठ रंगवलेली मॅटाडोर पुढचा पावसाळा काढेल. काम देताना एकच अट घालावी: रंगाआधी, उघड्या पत्र्याचे, आतून आणि बाहेरून फोटो. खरा डेंटर ते आनंदाने देतो, कारण त्याचं काम दिसण्याची ती एकच वेळ असते.

आणि विकाऊ, 'रिस्टोर्ड' म्हणून सजवलेली व्हॅन बघायला कोणी शीळफाट्याला निघालाच, तर फ्रीजच्या दारावरचा चपटा चुंबक काढून खिशात ठेवावा, मुलांनी गणपतीबाप्पा चिकटवलाय तो चालेल. विकणारा इंजिन चालू करून दाखवत असतो तेवढ्यात दाराच्या खालच्या कडेला आणि मागच्या चाकाच्या कमानीवर तो लावून पाहावा. पत्रा असेल तिथे तो टक्कन बसतो. नाहीतर नव्याकोऱ्या रंगावरून बाप्पा घसरत घसरत थेट चिखलात.